क्रोशेची टोपली विणताना या चुका टाळा, नाहीतर तिची टोपी होते

माझी पहिली क्रोशेची टोपली सासूबाईंनी डोक्यावर घालून पाहिली होती. उत्तरायणाला, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, आठवडा राहिला होता. फिरक्या दरवर्षी धाब्यावर लोळत असतात, मांजा पायात येतो, म्हणून मी हौसेने टोपली विणायला घेतली आणि चार रात्री जागून पुरी केली. (गच्चीला आम्ही बडोदेकर धाबंच म्हणतो.) जमिनीवर ठेवली तर तळ गोल, कडा आत वळलेल्या, धक्का लागला की डुलायची. सासूबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बसते गं बरोबर. फक्त लोकरीने कपाळाला खाज सुटते."

त्या वर्षी फिरक्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहिल्या.

आता आमच्या सोसायटीत बुधवारी दुपारी पाच-सहा जणी विणायला बसतो. अर्ध्या मराठी, अर्ध्या गुजराती, चुका मात्र सगळ्यांच्या सारख्याच. त्या पाहून पाहून माझं एक मत पक्कं झालंय. टोपलीचा ताठपणा विणीतच असावा लागतो. मागाहून खळ लावून किंवा पुठ्ठा घालून तो आणला, तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो.

घरात आहे ती लोकर

स्वेटरची उरलेली ॲक्रिलिक लोकर संपवायला टोपली विणणं ही सगळ्यात पहिली चूक. लोकरीचा गुणच ताणण्याचा. अंगावर तो हवासा वाटतो, टोपलीत कांदे भरले की नकोसा. लोकरच वापरायची असेल तर दोन-तीन धागे एकत्र घेऊन विणा, आणि त्यात हलक्या वस्तूच ठेवा.

टोपलीला सुती मॅक्रमेची दोरी उत्तम. बडोद्यात मंगळबाजाराच्या बाजूला लेस-बटणांच्या दुकानांत विचारलं तर मिळते, पण घेताना टोक उलगडून बघा. पिळाची दोरी असेल तर सुई तिच्या पदरांत घुसते आणि अर्धा धागा मागे राहतो. गोफासारखी गुंफलेली दोरी घ्या, ती फुटत नाही. टी-शर्टच्या कापडाची पट्टीही चालते, मात्र एकाच गुंडीत कुठे जाड कुठे बारीक निघते, त्यामुळे तळ सपाट आणताना डोकं खाते. सुतळी दिसते छान. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा खालच्या फळीवरची माझी सुतळीची टोपली भिजली. तिचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही, शेवटी टाकून दिली.

सगळी दोरी एकदम घ्या, एकाच लॉटची. नंतर आणलेला 'तोच' पांढरा कधीच तोच नसतो. किती लागेल याचा हिशोब पुढे देते.

सुई मोठी घेणं

दोरी जाड म्हणून सुई त्याहून जाड, असं वाटतं खरं. विणकाम भराभर होतं, हातही दुखत नाही, आणि टोपली जाळीच्या पिशवीसारखी खाली बसते. ५ मि.मी.च्या दोरीला मऊ विणीसाठी ८-९ मि.मी.ची सुई चालते. टोपलीसाठी मी ६ ची घेते. हात अगदीच दुखत असेल तर ६.५ ची, पण त्यापुढे नाही. आधी तळहाताएवढा तुकडा विणून ट्यूबलाइटसमोर धरा. भोकाभोकांतून उजेड दिसला तर सुई बदला. मग तोच तुकडा एका कडेला धरून आडवा करा. रुमालासारखा लोंबला तर अजून घट्ट हवं.

घट्ट विणीत स्वस्त प्लॅस्टिकची सुई वाकते, कधी मोडतेही. ॲल्युमिनियमची किंवा चांगली लाकडी घ्या. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी मनगट सैल सोडा. हे मी सांगते, पाळत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याला पट्टा बांधून हे लिहितेय.

खांब की मुका खांब?

माझ्या आत्याने मोठ्या कष्टाने एक टोपली विणली आणि तिच्यातून पेन्सिली खाली पडायला लागल्या. नमुना इंग्रजी, त्यात 'डबल क्रोशे' लिहिलेलं. व्हिडिओत पाहून तिने डबल क्रोशे म्हणजे आपला खांब घातला. गोम अशी की नमुना ब्रिटिश होता आणि व्हिडिओ अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि त्यालाच अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत ब्रिटिश नावंच आहेत. तेव्हा नाव बघू नका, कृती बघा: सुईवर आधी वेढा न घेता सुई टाक्यात घातली, धागा ओढून आणला आणि सुईवरचे दोन फास एकदम काढले, की मुका खांब झाला. टोपलीला तोच लागतो. खांब उंच असतो, दोन खांबांत फट राहते, आणि भिंत आडवी व्हायला तेवढी फट पुरे होते.

त्यातही धागा सुईच्या वरून घेण्याऐवजी सुई धाग्याच्या वरून नेऊन धागा खालून ओढला, तर टाके फुलीसारखे बसतात, जास्त घट्ट होतात आणि तिरकेही कमी सरकतात. सवय व्हायला दोन ओळी जातात. मी आता टोपल्यांना हेच करते.

तळ: इथेच बहुतेक जणी हरतात

तळ गोल आणि सपाट हवा असेल तर मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरीत ६ टाके वाढले पाहिजेत (एकाच टाक्यात दोन टाके घातले की एक वाढ). पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०. दहाव्या फेरीला ६०. सहाच का, हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही. प्रत्येक फेरीत वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. परीघ वाढतो त्याच्या २π पट, म्हणजे सुमारे सव्वासहा पट. टाका जेवढा उंच तेवढाच रुंद असेल, तर सहा टाके ती वाढ भरून काढतात.

पण तुमचा टाका तसाच चौकोनी असेल असं नाही. टाका उंच आणि अरुंद पडत असेल तर सहा कमी पडतात, कडा वर उचलते आणि टोपी होते. तेव्हा ७ किंवा ८ वाढवा, पण मग सुरुवातही तेवढ्याच टाक्यांनी करा. टाका बुटका आणि रुंद असेल तर उलटं होतं. सहा जास्त होतात आणि तळ भाजलेल्या पापडासारखा लहरतो.

म्हणून दर दोन फेऱ्यांनी तळ फरशीवर ठेवून बघा. मांडीवर ठेवून बघू नका, मांडी सगळं सपाट दाखवते. किंचित लहर असेल तर पुढची एक फेरी न वाढवता विणा, निघून जाते. कड बोटभर उचलली असेल तर मात्र उसवा. "पुढे भरलं की बसेल" असं म्हणणारीला मी माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते.

दुसरी गंमत म्हणजे गोलाचा षट्कोन होणं. दर फेरीला वाढ त्याच जागी आली की सहा कोपरे उभे राहतात. एका आड एक फेरीत वाढीची जागा सरकवा. समजा चौथी फेरी आहे: दोन साधे टाके आणि एक वाढ, असं सहा वेळा. त्याऐवजी एक साधा, एक वाढ, मग एक साधा, असं सहा वेळा. बेरीज तीच, कोपरा गायब.

सुरुवातीची मॅजिक रिंग, म्हणजे टोक ओढून आवळायचा धाग्याचा फास, बारीक धाग्यात छान जमते. जाड दोरीत ती नीट ओढली जात नाही, मध्ये भोक राहतं, आणि जोर लावला तर दोरीच तुटते. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब घाला. टोक त्याच गोलातून दोनदा फिरवून मग लपवा.

टाका कुठून वाढला?

साठ होते, एकसष्ट झाले. पुढच्या फेरीत बासष्ट. फेरी जोडताना घातलेल्या स्लिप स्टिचलाच, म्हणजे नुसत्या सांधणाऱ्या बुटक्या टाक्याला, खरा टाका समजून त्यात पुन्हा विणलं की असं होतं. उलट, खरा पहिला टाकाच गाळला तर संख्या घटत जाते. दोन्हींवर उपाय एकच: फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. मी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा घालते, कारण पिना पलंगाखाली जातात आणि कुणाच्या तरी पायाने सापडतात.

फेऱ्या न जोडता गोल गोल चढत गेलं तर सांधा दिसत नाही. तिथे तर खूण हवीच, नाहीतर फेरी कुठे संपली हे देवालाच ठाऊक.

भिंत वर जाताना

तळ झाला की वाढ थांबवायची, एवढंच पुरत नाही. कड धारदार हवी असेल तर भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या पदरात विणा. पुढचा पदर बाहेर रेघेसारखा उरतो आणि भिंत तिथून काटकोनात उभी राहते. त्यानंतर पुन्हा दोन्ही पदर घ्यायचे. सगळी भिंत मागच्या पदरातच विणणं ही चूक दिसायला सुंदर असते, पण वीण ताणली जाते आणि टोपली सैल पडते.

भिंत आत झुकली तर हात घट्ट झालाय किंवा टाका गळतोय. बाहेर फाकली तर कुठेतरी टाका वाढलाय. दोन्हींत आधी मोजा. आकडा बरोबर असूनही आत येत असेल तर अर्ध्या मि.मी.ने मोठी सुई घ्या. आमच्यातल्या एका बेनची टोपली अर्धी सरळ आणि अर्धी बाटलीच्या गळ्यासारखी आली. विचारल्यावर कळलं, खालची अर्धी दुपारी विणली होती आणि वरची मुलाच्या बोर्डाच्या निकालाच्या आदल्या रात्री.

टोपली उलटी होणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. टाक्यांची सुबक बाजू आत राहते. उजव्या हाताने विणत असा वा डाव्या, भिंत विणताना सुई बाहेरून आत गेली पाहिजे. आतून बाहेर जात असेल तर मोज्यासारखी उलटी करा, उसवायची गरज नाही.

उंचीचा मोह आवरा. माझ्या मते तळाच्या व्यासापेक्षा उंची जास्त असू नये, आणि जड सामानाला तर पाऊणपटच बरी.

आता दोरीचा हिशोब. २० सेंमी व्यासाच्या तळावर १५ सेंमी उंच भिंत घालायची, तर भिंतीचं क्षेत्रफळ तळाच्या तिप्पट होतं. सोपं सूत्र: उंचीची दुप्पट भागिले त्रिज्या. तळ झाला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. १२० ग्रॅम भरला तर भिंतीला ३६० ग्रॅम लागणार. कानांना आणि काठाला थोडी वेगळी धरा. काट्यावर पीठ सांडलेलं असतं, तेवढं आधी पुसा.

कान

साठ टाक्यांच्या टोपलीला मी असे कान करते: २२ टाके, मग ७ साखळ्या घालून ८ टाके सोडायचे, पुन्हा २२, पुन्हा ७ साखळ्या आणि ८ सोडायचे. साखळी मुद्दाम एकाने कमी, कारण वजन आलं की ती ताणतेच. जेवढे सोडले तेवढ्या साखळ्या घातल्या तर कान लोंबतात. पुढच्या फेरीत साखळीच्या डोळ्यांत सुई न घालता अख्ख्या साखळीला कवेत घेऊन ८ मुके खांब घाला. हातात कान दोरखंडासारखा लागतो. वर आणखी एक फेरी, आणि शेवटी काठावर सैल हाताने स्लिप स्टिचची फेरी. ती घट्ट घातली तर इतका वेळ सांभाळलेलं तोंड आवळतं.

खळ, पुठ्ठा आणि इतर जुगाड

साबुदाण्याची खळ साडीला शोभते. मी टोपलीला लावली, मे महिन्यात ती डमरूसारखी वाजायची. जुलैत हवा दमट झाली आणि मऊ पडली, आणि खळीच्या वासाने झुरळं आली ती वेगळीच. साखरेचा पाक लावा असंही कुणी सुचवतं. मुंग्यांचं घर बांधायचं असेल तर जरूर लावा.

तळ जड सामानाने खाली फुगत असेल तर फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून आत ठेवा. धुताना काढता येतं. भोकं पाडलेले लाकडी भुशाचे तयार तळ मिळतात, त्यांच्या भोकांतून थेट विणता येतं, दिसतातही ऐटबाज. पण पाणी लागलं की फुगतात, म्हणून न्हाणीघरात नकोत.

धुणं

सुती दोरी भिजली की भयंकर जड होते. टोपली कानाने वाळत घातली तर दुसऱ्या दिवशी झोळी मिळते. पाणी दाबून काढा, पिळू नका. त्याच मापाचं पातेलं पालथं घालून त्यावर टोपली चढवा आणि सावलीत वाळवा. गडद लाल किंवा निळी दोरी असेल तर विणण्याआधीच ओल्या पांढऱ्या फडक्याने एक तुकडा घासून बघा. रंग लागला तर पांढऱ्याशी जोडी नको.

आणि फिरक्यांची टोपली असेल तर वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) झाल्यावर आधी उलटी करून चांगली झटका. मांज्याचे तुकडे टाक्यांत अडकून बसतात आणि त्यावर काच असते. मी एकदा तशीच बादलीत चोळली होती. सासूबाईंनी अंगठ्यावर हळद दाबली आणि म्हणाल्या, "टोपीच बरी होती."