घरची शाळा, लेकीच्या चालीनं

पहिल्या वर्षी मी रात्री फोनवर इतरांच्या मुलांचे प्रकल्प बघत बसायचे आणि सकाळी लेकीवर चिडायचे. शेवटी ती अ‍ॅप्स काढूनच टाकली. तुम्हीही आधी हेच करा, वेळापत्रक नंतर.

शाळा सोडून आलेल्या मुलाला सुरुवातीला मोकळं राहू द्या. शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे साधारण एक महिना, असा ठोकताळा घरी शिकवणारे बरेच पालक धरतात.

मला सगळ्यात उपयोगी पडली एक साधी वही. रोज तारीख टाकून दोनच ओळी: आज काय केलं, कुठे अडलं. अपूर्णांकांवर आम्ही तब्बल ७ आठवडे होतो. कागदाच्या घड्या घातल्या, पट्ट्या कापल्या. ४ पेक्षा ३ लहान, मग १/४ पेक्षा १/३ मोठा कसा, हे तिचं कोडं पट्ट्या शेजारी ठेवल्यावर सुटलं. आजही मन धास्तावलं की मी वहीतलं ३ महिन्यांपूर्वीचं पान काढते.

शिकलेलं दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुस्तक मिटून विचारा. आठवायचा प्रयत्न केला की ते पक्कं होतं.

आणि फोटो? टाकण्याआधी मुलालाच विचारा. माझी लेक सध्या नको म्हणते, म्हणून मी टाकत नाही.