बायोस अपडेट अर्धवट, पीसी बंद: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचा बिलिंगचा पीसी. बायोसचं (पीसी सुरू करणारा, बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट चालू असतानाच लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. नंतर पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी. शेठ म्हणाले, "नवीन बोर्डच टाका की!"

आधी फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बायोसची फाईल टाकून बघितली. काही बोर्ड अशी फाईल आपोआप उचलतात, यानं दाद दिली नाही.

मग सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपमधला डेटा थेट वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र) आणि बायोसच्या चिपवर बसणारी आठ पायांची क्लिप काढली. पॉवरची वायर काढली, बटण-सेलही काढला. क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला. चिप २५क्यू६४, म्हणजे ८ एमबी, ३.३ व्होल्टवाली. १.८ व्होल्टची चिप असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर हवाच, नाहीतर जळते. या स्वस्त काळ्या प्रोग्रॅमरचे काही नग डेटा लाईनवर ५ व्होल्ट सोडतात, म्हणून मीटर लावून बघितलं.

जुना डेटा दोनदा वाचून दोन्ही फाईली ताडल्या. क्लिप हलली की वाचन चुकतं, आणि ती हलतेच! हा बॅकअप ठेवाच. लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्या पीसीचा ओळख-क्रमांक) बऱ्याचदा त्यातच असतो. बोर्डच्या कंपनीच्या बायोस फाईलला सुरुवातीला जादा हेडर (चिपवर न लिहायचा भाग) होता. तो कापून नेमके ८३,८८,६०८ बाइट ठेवले, मॅक पत्ता जुन्यातून उचलला. इरेज, राइट, व्हेरिफाय.

पहिल्यांदा चालू व्हायला बराच वेळ घेतला, मग लोगो आला. तारीख-वेळ लावून दिली. यूपीएसची बॅटरी शेठनी त्याच संध्याकाळी मागवली.