गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

जेवताना जवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो? ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता थेट चावू शकतो. त्याआधीही खुणा दिसतातच: खाता खाता अंग एकदम ताठ होतं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. तिथेच थांबा. तो निवांत खात राहील इतक्या लांबून त्याच्या खास आवडीचा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. रोज असं केलं की तुमच्या येण्याची त्याला धास्ती वाटेनाशी होते. मुलांना मात्र यात घेऊ नका. आणि शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्या. कान, दात, सांधे दुखत असतील. बिचाऱ्याला सांगता येत नाही.