ज्येष्ठांसाठी शहर आखताना सुरुवात एका वाटेपासून

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्यात घर, वाहतूक, मोकळ्या जागा, आरोग्यसेवा असे आठ विषय आहेत. आठही एकदम हाती घेतले की अहवाल तयार होतो, रस्ता तसाच राहतो. म्हणून आधी एकच वाट निवडा: वस्तीपासून दवाखान्यापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत, साधारण अर्धा किलोमीटर.

सभेला येतात ते चालू शकणारे ज्येष्ठ. ज्यांनी बाहेर पडणंच सोडलंय, त्यांच्या घरी जा. ‘काय हवं?’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘काही नको’ म्हणतात. ‘कुठे जाणं बंद केलंत आणि कशामुळे?’ असं विचारा. खरी यादी तिथे मिळते.

मग काठी, वॉकर आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांसोबत ती वाट चाला, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. मोजपट्टी आणि स्टॉपवॉच जवळ ठेवा.

सिग्नलपाशी हिशेब चुकतो. अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरतात, म्हणजे १४ मीटर रुंद रस्त्याला १२ सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला तिथे १८ सेकंद लागतात. पहिलं पाऊल उचलायला जाणारा वेळ वेगळाच. वेळ वाढवा, किंवा मध्ये थांबायला सुरक्षित जागा द्या.

पदपथाच्या उताराचं प्रमाण १:१२ ठेवा. १५ सेंटीमीटर उंचीला १.८ मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून अर्ध्या मीटरात उतार बसवला, तर व्हीलचेअर मागे कलंडू शकते. पदपथ अरुंद असेल तर रस्ता ओलांडायचा पट्टाच पदपथाच्या पातळीला उचला. उताराच्या तळाशी दोन सेंटीमीटरची कड राहिली तरी वॉकरची चाकं अडतात, शिवाय तिथेच पाणी साचतं. ही कड नकाशात कधीच दिसत नाही. काम चालू असताना जागेवर उभं राहूनच तपासावी लागते.

बाक साधारण दर १०० मीटरवर, सावलीत. बैठक ४५ सेंटीमीटर उंच, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात हवेतच, कारण उठताना जोर हातांवर येतो.

स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं, तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं.

खोदकामानंतर उतार आणि फरशा जशाच्या तशा बसवल्या जात नाहीत. दर सहा महिन्यांनी त्याच मंडळींसोबत वाट पुन्हा चाला, पहिल्या मोजमापांचा कागद हातात घेऊन.