गरोदरपणात मासे खाताना या चुका टाळा

दिवस राहिले की अनेकजणी भीतीपोटी सगळ्यात आधी मासे बंद करतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. बाळाचा मेंदू आणि डोळे घडताना डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल लागतं, आणि आहारातून ते मुख्यतः माशांतूनच मिळतं. शिवाय प्रथिनं, आयोडीन आणि बी-१२ सुद्धा मिळतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गर्भवतींना आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढ्या दोन-तीन तुकड्या, खायला सांगतं. अट एकच, मासे कमी पाऱ्याचे हवेत. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे किंवा जे मासे खातच नाहीत, त्यांनी डीएचएचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं.

माशांतून होणारे मुख्य धोके दोन, पारा आणि जंतू. यांची गल्लत झाली की बाकीच्या बहुतेक चुका होतात, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

'नीट शिजवलं की झालं'

जंतूंसाठी हे खरं आहे, पाऱ्यासाठी अजिबात नाही. मिथाइल मर्क्युरी, म्हणजे माशांत साठणारं पाऱ्याचं रूप, माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटून असतो. तळा, उकडा, कातडी काढा, तो जात नाही. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला आणखी मोठा खातो, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो. म्हणून मुशी म्हणजे शार्क, तलवार मासा, मार्लिन, किंग मॅकरेल आणि बिगआय ट्यूना हे मोठे, दीर्घायुषी शिकारी मासे या काळात पूर्ण वर्ज्य. तारली, बांगडा, साल्मन, कोळंबी यांत पारा कमी असतो.

हा पारा वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातो. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. ती कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झालेली टोकाची घटना होती; रोजच्या जेवणातल्या माशांशी तिची बरोबरी करू नये. पण तिथे आईला फारसा त्रास नसतानाही बाळं गंभीर बाधा घेऊन जन्मली, हे विसरता येत नाही. शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे मूल हवं असं ठरवलंत तेव्हापासूनच ही काळजी सुरू करा.

नावावर भुलणं

यादीत 'मॅकरेल टाळा' असं वाचून बांगडा सोडू नका. टाळायचा तो किंग मॅकरेल, बांगडा वेगळा. सुरमई मात्र किंग मॅकरेलच्याच कुळातली, त्यामुळे मोठी सुरमई आठवड्यातून एकदाच आणि थोडी, असं मी सांगेन. डबाबंद ट्यूनातही फरक असतो: स्किपजॅकमध्ये पारा कमी, अल्बाकोरमध्ये त्याहून जास्त.

लिंबात मुरवलेला, धुरावलेला, कच्चा

लिंबाच्या रसात मुरवलेला मासा पांढरा होतो, तरी तो शिजलेला नसतो. फ्रीझरमधल्या थंडीत परजीवी मरतात, लिस्टेरिया हा जंतू मात्र तग धरतो. तो फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, म्हणून न शिजवता नुसता धुरावलेला (कोल्ड-स्मोक्ड) मासा तसाच खाऊ नये. वाफ येईपर्यंत गरम केला तर चालतो. मासा शिजला हे कसं ओळखायचं? मांस पारदर्शक न राहता काट्याने सहज सुटतं, आणि थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस दाखवतो. शिंपले उघडले नाहीत तर टाकून द्या. कच्च्या माशाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.

मासा तासन्‌तास बाहेर उबेत राहिला तर काही जातींत, विशेषतः बांगडा-ट्यूनात, हिस्टामिन तयार होतं. ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. असा मासा सरळ फेकावा.

यकृताचं तेल

कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो. 'माशाचं तेल' असं लिहिलेली बाटली घेण्याआधी ते यकृताचं नाही ना, हे वाचून घ्या.

चूक होऊन गेली असेल तर

नकळत एकदा मुशी खाल्ली म्हणून जीव टांगणीला लावू नका. पाऱ्याचा प्रश्न वारंवार खाण्याने होतो. पुढे कमी पाऱ्याचे मासे निवडा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. कच्चा किंवा धुरावलेला मासा खाल्ला असेल आणि काहीच त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवा. लिस्टेरियाची लक्षणं कधी कधी दोन महिन्यांनीही दिसतात. ताप, अंगदुखी, थंडी असं फ्लूसारखं काही वाटलं, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि काय खाल्लं होतं ते आवर्जून सांगा. आईचा त्रास किरकोळ असला तरी बाळाला मोठा धोका असू शकतो. रक्त तपासून वेळेत प्रतिजैविकं सुरू करता येतात.