सांस्कृतिक अभ्यासातील आंतरविद्याशाखीय संशोधनाची आखणी
सांस्कृतिक अभ्यास ही ज्ञानशाखा बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली स्थापन झालेल्या केंद्रामुळे नावारूपाला आली, आणि साहित्य, समाजशास्त्र व इतिहास यांची सांगड घालणे हे तिचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे. म्हणूनच संशोधन आखताना आधी विद्याशाखा न ठरवता प्रश्न ठरवावा, आणि तो शक्यतो एखाद्या ठोस वस्तूपासून सुरू करावा. उदाहरणार्थ, स्टुडिओत काढलेले जुने कौटुंबिक छायाचित्र घेतले, तर मागचा रंगवलेला पडदा आणि कोण बसले, कोण उभे राहिले ही रचना कलेतिहासाच्या पद्धतीने वाचता येते. पाठीमागचा शिक्का व तारीख अभिलेखागारातील नोंदींशी ताडून पाहावी लागते. आणि ते घरात कोणी व का जपले, हे मुलाखतींशिवाय कळत नाही. या पद्धतींची उत्तरे परस्परांशी जुळली नाहीत, तर ती विसंगती मुळीच लपवू नये, कारण माझ्या मते खरे संशोधन बहुधा तिथेच सुरू होते. मुलाखतींपूर्वी विद्यापीठाच्या नियमांनुसार आवश्यक मान्यता आणि सहभागींची संमती घ्यावी. मार्गदर्शक एकाच शाखेचे असतील, तर दुसऱ्या शाखेतील सहमार्गदर्शक सुरुवातीलाच शोधावेत. प्रबंध पूर्ण होत आल्यावर पद्धतीविषयी आलेला आक्षेप दूर करणे फार अवघड जाते.