काटा हलत नाही, तरी चांगलं खाणं टिकवायचं कसं?

पाडव्याला मी चहातली साखर सोडली, रात्रीचा भात निम्मा केला आणि दोन्ही जेवणांत कोशिंबीर सुरू केली. दसऱ्याच्या सकाळी वजन केलं. ७८ किलोचे साडेशहात्तर झाले होते. सहा महिन्यांत दीड किलो! त्या दिवशी मला रडू आलं. पर्वती चढताना भेटणाऱ्या कितीतरी जणी हेच सांगतात, आणि त्यातल्या बऱ्याच याच टप्प्यावर सगळं सोडून देतात. मला त्याचंच वाईट वाटतं, कारण नेमक्या त्याच महिन्यांत शरीर आतून सुधारत असतं. माझंच सांगते: वजन दीड किलोच उतरलं, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ६.२ वरून ५.८ वर आली होती. तो रिपोर्ट हातात पडला नसता तर मीही सोडून दिलं असतं.

म्हणून हा लेख. खाली लिहिलेल्या गोष्टी याच क्रमाने करून बघा.

१. वजन करायची पद्धत बदला

रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातला एक वार ठरवा. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करायची नाही. चार आकड्यांची सरासरी काढायची आणि ती मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून बघायची.

कारण समजून घ्या. रविवारी मिसळ खाल्ली आणि सोमवारी काटा एक किलोने वर गेला, तर ती चरबी नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एवढ्या एका मिसळीत मावतच नाहीत. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. शिवाय पिष्टमय पदार्थांचा साठा शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं ते बरंचसं हेच पाणी. पुढे वेग मंदावला म्हणजे आपलं काही चुकलं असं नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांतही पाणी साठतं, तेव्हा त्या आठवड्याचा आकडा मनावर घेऊ नका.

२. शिवणकामाची टेप काढा

मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि पुणेकरांना तर ती माहीत असायलाच हवी. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचा अभ्यास इथेच केला. त्यांच्या कामामुळे भारतीय माणूस ‘दिसायला बारीक, आतून चरबीदार’ असतो ही गोष्ट जगापुढे आली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्याच्या दृष्टीने दोघे एकच, आतून मात्र निराळे.

याचा तुमच्या-माझ्याशी संबंध असा, की आपल्याला धोका असतो तो मुख्यतः पोटाच्या चरबीचा, आणि ती काट्यावर वेगळी दिसत नाही. सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप गुंडाळा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि मग आकडा वाचा. भारतीयांसाठी स्त्रियांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत कंबर असावी असं मानतात. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. त्या सहा महिन्यांत माझी कंबर पाच सेंटिमीटरने कमी झाली होती. पंजाबीची नाडी सांगत होती, मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

३. रक्ताला तीन महिने द्या

सुरुवातीलाच उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचं चार किलोने, तरी हे आकडे सुधारू लागतात. वीस किलोचं स्वप्न धरून बसलेल्या माणसाला ते चार किलो क्षुल्लक वाटतात, शरीराला वाटत नाहीत.

४. मग स्वयंपाकघराचा हिशेब करा

आधी नाही, आत्ता. मन थोडं शांत झाल्यावर. स्वतःला दोष द्यायला म्हणून नव्हे, तर कॅलरी कुठून येतात ते कळावं म्हणून.

पहिलं तेल. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर तेल पोटात जातं. त्याच्याच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. बाटलीतून सरळ कढईत ओतण्याऐवजी चमच्याने घाला, आणि डबा उघडला की त्यावर तारीख लिहा.

दुसरं, ‘पौष्टिक’ म्हणून हात सैल सुटतो ते पदार्थ. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीस ग्रॅम, सुमारे १७० कॅलरींचे. कूट, खोबरं, सुक्या मेव्याचे लाडू हे सगळं चांगलंच आहे, फक्त मोजून. गूळ आणि साखर कॅलरीत जवळजवळ सारखेच. पोळीऐवजी भाकरी खाता हे उत्तम, पण ज्वारीच्या पिठात कॅलरी गव्हाच्या पिठाएवढ्याच असतात. तेव्हा दोन पोळ्यांच्या जागी तीन मोठ्या भाकऱ्या झाल्या तर वजन उतरणार कसं?

आणि ताटात उसळ, वरण, दही, अंडं यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या. त्याने पोट भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. जोडीला आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचे व्यायाम करा, पाण्याने भरलेल्या बाटल्यांनी सुरुवात केली तरी चालेल.

५. हातात आहे त्याचीच खूण करा

वजन किती उतरेल ते आपल्या हातात नाही. आज कोशिंबीर खाल्ली का, जेवणानंतर शतपावली झाली का, हे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एवढ्याच खुणा करा. महिन्यात वीस खुणा झाल्या तर तो महिना चांगला गेला, काटा काहीही म्हणो.

गणपतीत मोदक खा, तूप घालून खा. मात्र ‘आता दहा दिवस मोडलंच आहे’ असं म्हणू नका. मोदकानंतरचं जेवण नेहमीचं असू द्या, खूण परत सुरू होते. आणि घरच्यांना एकदा प्रेमाने सांगून ठेवा: “किती कमी झालं?” असं विचारू नका, “फिरायला येतेस का?” असं विचारा.

६. तीन महिने करूनही कंबर, रक्त, वजन काहीच हललं नाही तर

डॉक्टरांकडे जा. थायरॉइड मंद असणं, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड), स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांमुळे वजन अडतं किंवा वाढतं. चालू औषध स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. जाताना वजनाची वही, कमरेचे आकडे, खुणांचं कॅलेंडर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. “मी कमी खाते, तरी उतरत नाही,” एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना धागा सापडत नाही. तीन महिन्यांची नोंद समोर ठेवली की कुठे बघायचं ते त्यांना लवकर कळतं.